आतून कडी

“मला न्हाई यायचं. आक्काला सांगा, पुढल्या जन्मी भेटू.”

आत्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. (आमच्या सांगलीकडे बऱ्याच घरांत सासूला आत्या म्हणतात. तशा या माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर.) त्यांची थोरली बहीण डोंबिवलीला लेकाकडे असते. पंच्याऐंशी उलटलेली, अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. आवाज क्षीण झालेला, पण वाक्य एकच. “एकदा येऊन जा गं.” आणि आत्यांचं उत्तरही ठरलेलं. बघू, पाऊस होऊ दे, दिवाळी होऊ दे, ऊन कमी होऊ दे. अशी तीन वर्षं गेली.

आम्ही घरात आपापले तर्क लढवत होतो. आमचे हे म्हणायचे, आजीच्या बोरमाळेवरून दोघींचं काहीतरी बिनसलं होतं, ते अजून मनात असणार. नणंद म्हणाली, म्हातारपणी माणूस हट्टी होतं. मला वाटायचं, मरणाच्या दारातल्या बहिणीला बघायची भीती वाटत असेल. आम्हा तिघांचेही तर्क चुकले होते.

खरं कारण मला कळलं ते एका पहाटे. नळाला पाणी लवकर आलं होतं म्हणून मी साडेचारला उठले. मोरीत अंधारात कुणीतरी कपडे घासत होतं. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर आत्यांचा आवाज आला, “दिवा लावू नगंस.”

पण मला दिसलं होतं. लुगडं, आणि त्याच्याबरोबर जुन्या धोतराच्या घड्या. आपल्या वयाच्या बायकांना अशा घड्या आठवतील. सॅनिटरी पॅड घरात येण्याआधी आपणही धुवून, कुठेतरी आडोशाला वाळवून वापरलेल्या. पण आत्यांचं ते सगळं थांबून पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

मग हळूहळू एकेक गोष्ट जुळत गेली. लग्नाला गेलं की त्या हॉलमध्ये बसत नसत, दाराजवळ उभ्या राहत. देवळात प्रसादाला थांबत नसत. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. आणि त्यांच्या खोलीत येणारा तो वास. त्या वासावरून मी एकदा फोनवर माझ्या बहिणीला म्हटलं होतं, “आत्यांच्या खोलीत पाय ठेववत नाही बाई.” हे इथे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी तसं म्हटलं होतं.

बायकांनो, प्रवासाला निघताना पाणी न पिणं हे आपल्यापैकी किती जणी करतात? मी तर शाळेच्या सहलीपासून करत आले. एसटी पुढच्या स्टँडवर थांबेल, तिथलं बाईंचं संडास कसं असेल कोण जाणे, त्यापेक्षा घसा कोरडा परवडला! हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वेगळं आहे असंही वाटत नाही. आत्यांचं त्याच्या पुढचं. त्यांना धरवत नव्हतं. खोकला आला, शिंक आली, उठताना जोर लागला की लुगडं ओलं. अशी बाई नऊ तास बसमध्ये कशी बसणार?

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. आत्यांनी तसं काही बजावलं नव्हतं, पण सांगायचं नाही हे मला कळत होतं. त्यामुळे पंचाईत झाली. हे म्हणाले, “अगं, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे ऑगस्ट २०२२ पासून. तुलाही मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आणि तू रेल्वेच्या फर्स्ट एसीचं म्हणतेस?” मग म्हणाले, मी गाडी काढतो. पण मोटारीत तर जास्तच अवघड. पोटच्या लेकाला सांगायचं, गाडी थांबव म्हणून? किती वेळा? आणि महामार्गाच्या कडेला बसायचं कुठे? पुरुषाला झाड पुरतं.

रेल्वेत निदान डब्यातच संडास असतो. पण साध्या स्लीपरच्या डब्यात वाटेत माणसं झोपलेली, सामान पडलेलं, त्यातून रात्री चार-पाच वेळा ये-जा. थ्री टायर एसीतही कपडे बदलायचे तर संडासातच, हलत्या गाडीत एका हाताने कडी धरून. नऊवारी नेसणाऱ्या बाईला ते कसं जमणार? मला हवी होती एक खोली. दार लावता येईल अशी.

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरहून रात्री निघते, सांगलीला दहाच्या आसपास येते आणि पहाटे कल्याणला पोचवते. फर्स्ट एसीत बंद केबिनी असतात, चार बर्थची केबिन आणि दोन बर्थचा कूपे. भाडं स्लीपरच्या पाच-सहा पट. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यापूर्वी अठ्ठावन्न वर्षांपुढच्या बाईला निम्मं भाडं पडायचं. ते आता नाही. एक गोम अशी की या वर्गाचं तिकीट काढताना केबिन कोणती ते कळत नाही, चार्ट तयार झाला की कळतं. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, “दोघींचं एकत्र तिकीट काढा आणि फॉर्मवर कूपे हवा असं लिहा. मिळेलच असं नाही, पण दोघं असली की शक्यता असते.” पैसे मी माझ्या भिशीतले घातले. यांना म्हटलं, म्हातारीच्या गुडघ्याला वरचा बर्थ चढवणार नाही, थंडी बाधते, वगैरे. खोटं नव्हतं, अर्धं होतं.

आत्यांना मात्र खरं सांगितलं. शेंगा फोडत होत्या, तिथेच शेजारी बसून सांगितलं. दार असलेला डबा आहे, आत फक्त आपण दोघी, संडास दहा पावलांवर. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “कडी आतून लागती?”

“लागते.”

“मग काढ तिकीट.”

आता तयारी. मोठ्या माणसांचे डायपर औषधांच्या दुकानात मिळतात हे मला ठाऊक होतं, पण त्यात दोन तऱ्हा असतात हे नव्हतं. एक चिकटपट्टीचा, झोपून असलेल्या माणसासाठी, आणि एक चड्डीसारखा ओढून घालायचा. हिंडत्या-फिरत्या बाईला दुसरा बरा. दुकानातल्या मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिला, अगदी आपल्या पॅडसारखाच! पण खरी अडचण पुढेच होती. काष्टा घातलेल्या नऊवारीत ही चड्डी खाली-वर करायची म्हणजे सगळं लुगडं सोडायचं. मी गाऊन आणला. आत्यांनी त्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना सर्कशीत पाठवतेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांत लुगड्याशिवाय काही अंगाला लागलेलं नाही. म्हणाल्या, “दार लावल्यावर बघू.”

निघायच्या दिवशी दुपारी चार्ट पाहिला. कूपे मिळाला होता! गाडी आली, परिचारकाने बॅग आत ठेवली, चादरी-उशा दिल्या. मी सरकतं दार ओढलं आणि कडी लावली. खट्‌ असा आवाज झाला. आत्या खालच्या बर्थवर पाय वर घेऊन बसल्या आणि ती खोली बघायला लागल्या. खोली ती केवढी, आमच्या देवघराहून थोडी मोठी. एकावर एक दोन बर्थ, वर चढायला शिडी, खिडकी, लहानसं टेबल, आरसा, डोक्याशी वाचायचा दिवा. त्यांनी दिवा दोनदा लावून बघितला. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हा त्या लहानपणी आईबरोबर पुण्याला गेल्या होत्या, ती गर्दी, तो कोळसा डोळ्यात जायचा ते सांगू लागल्या. मग म्हणाल्या, “दे तो तुझा झगा.”

मी पाठ करून उभी राहिले. बराच वेळ खुसफूस चालली होती. वळून बघितलं तर आत्या गाऊनमध्ये, लुगड्याची नीट घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लहान मुलीसारख्या दिसत होत्या. मी हसले नाही. त्याच हसल्या.

एवढ्यात दारावर टकटक झाली. तिकीट तपासनीस. मी दार उघडणार तोच आत्यांनी हात वर केला, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि मगच मान हलवली. तपासनीस तिकीट बघून गेले, दार पुन्हा लागलं, तरी आत्या दाराकडेच बघत होत्या.

“इचारून आत आला की गं त्यो.”

“विचारणारच की, आत्या.”

“न्हाई... माझ्या दाराला कुणी टकटक केली न्हवती कधी.”

मी आठवून बघितलं. खरंच होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा एका सोप्यात बारा माणसं. नंतर माजघरात, नंतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरूण. नवं घर बांधलं तेव्हा त्यांना वेगळी खोली दिली याचा आम्हाला अभिमान! पण त्या खोलीत घरातलं धान्याचं पिंप आहे, इस्त्रीचं टेबल आहे, नातवाची सायकल आहे. दिवसभर जो तो आत-बाहेर करतो. दाराला आतून कडीच बसवलेली नाही. म्हातारं माणूस, आत काही झालं तर? हे कारण आम्हीच ठरवलेलं.

कराड गेल्यावर मी दिवे मालवले. निळा दिवा तेवढा राहिला. मी वरच्या बर्थवर पडले होते. गाडीचा ठेका एकसारखा चालला होता आणि खालून आत्या बोलायला लागल्या. मला वाटतं, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलल्या. चौथ्या बाळंतपणापासून हे चालू झालं. बाराव्या दिवशी त्या रानात होत्या, डोक्यावर वैरणीचा भारा. तेव्हापासून ‘अंग बाहेर येतं’. पुढे दोन बाळंतपणं आणखी. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बायकांचं असंच असतं. मग कुणालाच सांगितलं नाही. पहाटे उठून आपलं आपण धुवायचं.

बराच वेळ गाडीचाच आवाज. मग त्या म्हणाल्या,

“तू फोनवर बोललीस त्ये मी ऐकलं हुतं. वासाचं.”

मला खाली उतरावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. “चुकलं माझं,” असं मी छताकडे बघून म्हटलं. हे शब्द इतके पोकळ वाटले की पुढे काही सुचेना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “पानी हाय का गं?”

मी उतरून बाटली दिली. रात्रीचे बारा वाजले असतील. त्यांनी अर्धी बाटली पाणी पिऊन टाकलं. त्यानंतर पहाटेपर्यंत दोनदा आम्ही दोघी संडासला जाऊन आलो, एकदा मी त्यांना बदलायला मदत केली, पिशवीची गाठ मारून ठेवली. लोणावळा गेल्यावर घाटातले बोगदे लागले. त्या जाग्याच होत्या, खिडकीला नाक लावून अंधार बघत होत्या.

आमच्या घरात एक जण रेल्वेवेडा आहे. त्याने मला नंतर एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, पण पुढची कितीतरी वर्षं खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास नव्हते. १९०९ मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहिलं. फणस जास्त खाल्ला, स्टेशनवर उतरून आडोशाला गेलो, तेवढ्यात गाडी सुटली, एका हातात लोटा आणि एका हातात धोतर धरून पळताना सगळ्यांसमोर पडलो, अशी ती हकिगत. या पत्रानंतर डब्यांत संडास आले असं सांगतात, आणि ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेलं आहे. पत्राची इंग्रजी भाषा मोडकीतोडकी म्हणून लोक हसतात. मला हसू आलं नाही. सेनबाबू निदान उतरू शकले, पळू शकले, लिहू शकले. त्या गाडीत बायकाही असतीलच की! त्यांनी काय केलं असेल?

डोंबिवलीचं फार सांगत नाही. आक्कांनी पहिल्या दिवशी ओळखलं नाही. “कोण आलंय?” म्हणून सुनेला विचारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या त्यांचे केस विंचरत होत्या, तेव्हा एकदम म्हणाल्या, “हळू गं, आई तुझं असंच ओढायची.” मग दोघी तीन दिवस बोलत होत्या. बोरमाळेचा विषय निघाला, तेव्हा दोघींनाही ती नक्की कुणाकडे गेली ते आठवेना. आक्कांच्या अंथरुणाशेजारी डायपरचं पाकीट उघडंच ठेवलेलं होतं. आत्यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

येताना मात्र कूपे मिळाला नाही. चार बर्थची केबिन, आणि समोर दोन अनोळखी पुरुष. माणसं सज्जन होती, पण तेच दार, तीच कडी, आता नको वाटायला लागली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बंद केबिन म्हणजे सुरक्षित, असं डोळे झाकून समजू नका. एकटीने प्रवास करायचा असेल तर मी थ्री टायर एसीच निवडेन. तिथे पन्नास-साठ माणसांचे डोळे असतात. आम्ही तपासनिसांना सांगितलं, त्यांनी शेजारच्या केबिनमध्ये एका जोडप्याशी बोलून अदलाबदल करून दिली. मागायला लाजायचं नाही. काही अडलंच तर १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर आहे. आणि साध्या डब्याने जाणार असाल तर पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तिकीट काढताना वय नीट लिहा. बायकांसाठी वेगळी जागा ठेवायची तरतूद रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातच आहे. त्याच कायद्यात असंही आहे की पुरुष सोबत नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं तरी तिला रात्री-अपरात्री, कुठल्याही आडस्टेशनवर उतरवून देता येत नाही. ते वाचून मला त्या कायदा लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटलं.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी आत्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे यायला तयार झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, “आजी, चाळीस वर्षांपूर्वी का नाही आलात?” गर्भाशय खाली सरकलंय. वारंवार बाळंतपणं, लगेच जड उचलणं, पाळी गेल्यावर स्नायू सैल पडणं, अशी कारणं त्यांनी सांगितली. ऑपरेशनच हवं असं नाही. सिलिकॉनची एक रिंग आत बसवतात, ती गर्भाशयाला आधार देते. मात्र ठरावीक काळाने डॉक्टरकडून काढून, धुवून, तपासून घ्यावी लागते. शिवाय लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते दिवसातून थोडा थोडा वेळ आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम कीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये सांगितला, आणि तो बाळंतपणानंतरच्या तरुण बायकांनी करायचा आहे, म्हणजे म्हातारपणी ही वेळ येण्याचा संभव कमी होतो. आणि पाणी तोडायचं नाही. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, पिशवीला टोचते, घाई उलट वाढते, जंतुसंसर्गही होतो. रात्री झोपण्याआधी जरा कमी प्यायचं, एवढंच. हे ऐकताना मी मनात माझ्या शाळेच्या सहली मोजत होते. डॉक्टरीणबाईंनी मलाही विचारलं, “तुम्हाला शिंकताना?” मी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. आता आम्ही दोघी सकाळी चहा होईपर्यंत व्यायाम करतो. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, ही त्यातली गंमत.

आत्यांचं सगळं थांबलं असं नाही. कमी झालंय. मोरीतलं पहाटेचं धुणं गेलं, पाकीट आता कपाटात उघड्यावर असतं. नवऱ्याला मी सांगितलं, आत्यांना विचारून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग पिंप आणि सायकल खोलीतून बाहेर काढली.

आणि कडी! आत्यांनी स्वतः मागितली. यावरून घरात आठ दिवस चर्चा. हे म्हणाले, आत पडली-बिडली तर दार फोडायचं का? नणंदेचा फोन आला, तिचाही तोच सूर. बरोबरच होतं त्यांचंही. शेवटी सुतार म्हणाला, आतून फिरवायची आणि बाहेरून नाण्याने उघडता येते अशी कडी मिळते, बाथरूमला लावतात तशी. ती बसवली. रुपयाचं नाणं दाराच्या चौकटीवर ठेवलंय, अडीअडचणीला. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

मी मात्र अजूनही विसरते. हातात चहाचा कप घेऊन सरळ दार ढकलते. ते उघडत नाही, मग आतून आवाज येतो, “कोन हाय?”

“मी, आत्या.”

“थांब जरा.”